हक्कांचा सातबारा : रानड्यांच्या निफाडपासून डिजिटल संग्रहापर्यंत

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. समाजसुधारक, न्यायमूर्ती आणि अर्थचिंतक म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मराठी पुस्तकांचा हिशेब मांडणारे रानडे मात्र तुलनेने बाजूला राहिले. मराठीत किती ग्रंथ छापले जातात, कोणत्या विषयांवर, त्यांत भाषांतरे किती आणि स्वतंत्र किती, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. लोकहितवादींच्या साथीने १८७८ साली पुण्यात त्यांनी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत टिपण लिहिले. या हिशेबामागे सरकारदरबारी होणारी छापील पुस्तकांची नोंद होती. आज डिजिटल संग्रहांपुढे उभा असलेला ‘कशाचा हक्क कोणाकडे’ हा प्रश्न समजून घ्यायचा, तर त्या नोंदवहीपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते.

चौदावा रकाना

ही नोंदवही १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने आली. छापखाने व वृत्तपत्रे यांचे नियमन, छापलेल्या पुस्तकांच्या प्रतींचे जतन आणि पुस्तकांची नोंदणी असे तिहेरी काम त्या कायद्याकडे होते. १८५७ नंतर देशी छापखान्यांत काय चालले आहे यावर सरकारला नजर हवी होती, हे उघड आहे. पण नजर ठेवण्यासाठी आखलेले रकाने वाङ्मयाच्या अभ्यासकाला वरदान ठरले. कायद्याच्या अठराव्या कलमात प्रत्येक पुस्तकाबद्दल चौदा बाबी नोंदवायला सांगितल्या होत्या : नाव, भाषा, लेखक, भाषांतरकार किंवा संपादक, विषय, छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, छपाई खिळ्यांची की शिळेची, आणि किंमत. चौदावी बाब होती ग्रंथस्वामित्वाच्या ‘किंवा त्याच्या कोणत्याही भागाच्या’ मालकाचे नाव व पत्ता. या नोंदी दर तिमाहीला सरकारी राजपत्रात छापल्या जात.

‘कोणत्याही भागाच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुस्तकाची मालकी एकसंध नसते, तिचे वाटे पडू शकतात, हे १८६७ च्या कारकुनी भाषेलाही ठाऊक होते. त्याआधीच्या १८४७ च्या कायद्याने लेखकाला बेचाळीस वर्षे, किंवा हयात अधिक सात वर्षे, यांतली जी मुदत मोठी असेल ती दिली होती. दोन रुपये भरले की १८६७ ची नोंद त्या कायद्याखालची ग्रंथस्वामित्वाची नोंदही ठरे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर ‘रजिस्टर केले आहे’ आणि ‘सर्व हक्क स्वाधीन’ अशा ओळी दिसतात, त्या याच व्यवस्थेच्या खुणा आहेत.

मात्र ‘सर्व हक्क’ म्हणजे नेमके कोणते, हे त्या ओळीने कधीच सांगितले नाही, कारण हक्कांची यादीच बदलत होती. इंग्रजी गणिताच्या पुस्तकांची उर्दू भाषांतरे केल्याबद्दल मॅकमिलन कंपनीने दावा लावला, तेव्हा १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे असे ठरवले. एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य कितीतरी अंशी भाषांतरावर उभे राहिले. त्याला कायद्याची ही मोकळीक होती. पुढे १९१४ च्या कायद्याने भाषांतराचा हक्क लेखकाला दिला, पण मूळ प्रकाशनापासून दहा वर्षांत अधिकृत भाषांतर झाले नाही तर तो संपे. म्हणजे ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही एकच ओळ १८९० साली एक अर्थ सांगत होती आणि १९२० साली दुसरा.

सातबारा आहे, फेरफार नाही

निफाड हा शेतकऱ्यांचा तालुका आहे. द्राक्षबाग असो की कांद्याचे वावर, जमिनीचा कागद कसा वाचायचा हे इथे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. सातबारा आजची स्थिती दाखवतो : भोगवटादार कोण, क्षेत्र किती, ‘इतर हक्कां’त कूळ कोण, बोजा कोणाचा. पण ही स्थिती कशी आली ते फेरफार सांगतो. खरेदी, वाटणी, वारस, गहाण अशी प्रत्येक घटना नमुना सहामध्ये क्रमांकाने नोंदली जाते आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर येतो. वारसांसाठी नमुना सहा-क वेगळा असतो. वाद झाला की जाणता माणूस आधी जुने फेरफार काढायला तलाठ्याकडे जातो.

१८६७ ची नोंदवही म्हणजे पुस्तकांचा सातबारा होता, पण त्याला फेरफाराची वही जोडलेली नव्हती. छपाईच्या दिवशी मालक कोण हे लिहिले गेले आणि नोंद बंद झाली. लेखक वारला, मुलांत वाटणी झाली, प्रकाशकाने दुकान विकले, नाटकाचा हक्क कंपनीकडे आणि छपाईचा छापखान्याकडे गेला, तरी मूळ नोंद तशीच राहिली. १९५७ च्या कायद्यातही नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो, नोंदीची वाट पाहत नाही. लेखकाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्याच्या हाती कागद उरत नाही. त्यात १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि त्याने पुस्तके आपल्या कक्षेतून वगळली. १९५४ च्या कायद्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते, तेवढा धागा राहिला. चौदाव्या रकान्याचा धागा तुटला.

‘श्यामची आई’चा हिशेब

रकाना नसला तर काय अडते, हे एका परिचित उदाहरणावरून पाहू. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. समजा, एखाद्या वाचनालयाला हा चित्रपट आपल्या डिजिटल संग्रहात सर्वांसाठी खुला ठेवायचा आहे. परवानगी कोणाची लागेल?

आजच्या कायद्यातल्या सर्वसाधारण मुदतींनी हिशेब असा होतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. हयातीनंतर साठ वर्षे धरली तर पुस्तक २०१० च्या अखेरीस मुक्त झाले. चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून साठ वर्षे, म्हणजे २०१३ ची अखेर. इथे थांबणारा माणूस म्हणेल, सगळे मोकळे झाले. पण चित्रपटाच्या पोटात इतर कृती आहेत. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ पर्यंत. संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०३५ पर्यंत. चित्रपटात घेतलेली ‘आई’ ही कविता कवी यशवंतांची. ते १९८५ मध्ये गेले, म्हणून कविता २०४५ पर्यंत. शिवाय कविता आधीची आहे, चित्रपटासाठी लिहून घेतलेली नाही. त्यामुळे मालकीचा प्रश्नही निराळा. एका फितीत पाच घड्याळे चालू आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

या हिशेबात आणखी एक धडा आहे. १९९२ पूर्वी हयातीनंतरची मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती साठ करण्यात आली. समजा, १९९० मध्ये कोणी साने गुरुजींच्या पुस्तकांपुढे ‘२००१ पासून मुक्त’ असे लिहून ठेवले असते, तर ती नोंद दोन वर्षांतच चुकीची ठरली असती. ‘लेखकाचे निधन १९५०’ एवढेच लिहिले असते, तर कायदा कितीही बदलला तरी नोंद खरीच राहिली असती. निधन ही घटना आहे आणि मुदत हा निष्कर्ष. घटना लिहून ठेवाव्यात आणि निष्कर्ष गरज पडेल तेव्हा काढावा.

कृती, आविष्कार, प्रत

ग्रंथालयशास्त्राने १९९८ मध्ये एक उपयुक्त भेद रूढ केला : कृती, तिचा आविष्कार, त्याचे प्रकाशित रूप आणि हातातली प्रत. निफाड तालुक्याशी नाते असलेले दुसरे नाव इथे आठवते. शिरवाडकरांचे, म्हणजे कुसुमाग्रजांचे, बालपण पिंपळगाव बसवंतला गेले. त्यांचे ‘नटसम्राट’ ही एक कृती. छापील संहिता हा तिचा एक आविष्कार. १९७० मध्ये धि गोवा हिंदू असोसिएशनने उभा केलेला, डॉ. श्रीराम लागूंचा प्रयोग हा दुसरा. २०१६ चा चित्रपट ही तर तिच्यातून निघालेली नवी कृती. मोबाइलवर फिरणारा दोन मिनिटांचा तुकडा ही कशाची तरी प्रत. कशाची, हे बहुधा कोणाला सांगता येत नाही.

नाटककाराचा हक्क १९९९ च्या निधनापासून मोजून २०५९ च्या अखेरपर्यंत चालेल. पण १९७० मध्ये रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाला कायद्याने स्वतंत्र हक्कच दिलेला नव्हता. कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, तोही पंचवीस वर्षांचा. १९९९ मध्ये तो पन्नास झाला. ज्याने नाटक जिवंत केले त्याचे नाव हक्काच्या कागदावर नसणे ही त्या काळाची रीत होती. नवा नमुना आखताना कायदेशीर हक्क असो वा नसो, प्रत्येकाचा सहभाग नोंदला पाहिजे तो यासाठी. श्रेयाची नोंद आणि मालकीची नोंद यांचे रकाने वेगळे हवेत.

करारांचेही तसेच. हक्काचे हस्तांतरण लेखी असल्याखेरीज वैध नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो. २०१२ च्या दुरुस्तीने पुढची पायरी गाठली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले गेले असे धरता येत नाही. म्हणून हस्तांतरणाच्या नोंदीत कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी, कोणता हक्क, कोणत्या माध्यमासाठी, कुठे, कधीपर्यंत, आणि पुरावा कोणता, हे सगळे लागते. जगभर याच दिशेने यंत्राला वाचता येतील अशा हक्क-भाषा तयार झाल्या. ओडीआरएल ही त्यांपैकी एक २०१८ मध्ये वेबची प्रमाण शिफारस ठरली. त्यातली कल्पना फेरफाराहून फार वेगळी नाही.

भीती आणि उचलेगिरी

हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही. नोंद नसण्याची किंमत दोन टोकांना मोजावी लागते. एका टोकाला उचलेगिरी : कवीचे नाव कापून कविता फिरते, चित्रफितीवरचे श्रेय पुसले जाते. २०१२ पासून हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, पण मुळात माहिती जोडलेलीच नसेल तर काढली असे कसे म्हणणार? दुसऱ्या टोकाला प्रामाणिक माणसाची भीती असते. ‘उगाच झंझट नको’ म्हणून छोटी वाचनालये जुने अंक कपाटात ठेवतात आणि वाळवी त्यांचा निकाल लावते. खरे तर ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीवरून जतनासाठी डिजिटल प्रत साठवण्याची मुभा कायद्याच्या बावन्नाव्या कलमात आहे. जतन करणे आणि सर्वांसाठी खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी घाबरण्याचे कारण नाही. दुसरीसाठी, मालक सापडतच नसेल तर परवाना मागण्याची वाटही आहे, पण आधी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. वाट लांब आहे, आणि शोध कुठे व कधी घेतला याची नोंद ठेवणाऱ्यालाच ती चालता येईल. म्हणून ‘माहीत नाही’ हीसुद्धा तारखेसह लिहायची नोंद आहे.

सगळ्या जगाची एकच मोठी वही करण्याचा मोह टाळावा. संगीतासाठी तसा जागतिक नोंदकोश उभारण्याचा प्रयत्न झाला आणि २०१४ मध्ये पैशांवरून कोसळला. फेरफार गावोगावी लिहिले जातात, नमुना मात्र सगळीकडे एकच असतो. म्हणूनच ते टिकले. मराठीतही प्रत्येक वाचनालय, प्रकाशक, नाट्यसंस्था आणि संपादक यांनी आपापली वही लिहावी, रकाने तेवढे समान ठेवावेत.

सुरुवात दिवाळी अंकांपासून करता येईल. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही परंपरा सुरू केली. अंकाची जुळणी आणि मांडणी संपादकाची असली, तरी आतली कथा, कविता, व्यंगचित्र ज्याचे त्याचे. तोंडी ठरलेल्या मानधनावर छापलेला मजकूर लेखी कराराशिवाय संपादकाच्या मालकीचा होत नाही. म्हणजे शंभर वर्षांचे दिवाळी अंक डिजिटल करायचे, तर प्रत्येक अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाचा स्वतंत्र शोध घ्यावा लागेल. यंदाच्या अंकांसाठी तो त्रास वाचवणे आपल्या हातात आहे. लेखकाचे पूर्ण नाव, जन्मवर्ष, मजकूर पहिल्यांदा इथेच छापला काय, डिजिटल रूपाला संमती आहे काय आणि किती काळ, वारसांशी संपर्क कोणामार्फत, असे पाच रकान्यांचे एक पान मानधनाच्या पावतीसोबत भरून घ्यावे. रानड्यांना आपल्या वाङ्मयाचा हिशेब परक्या सरकारच्या वहीतून मांडावा लागला. आपली वही आपणच लिहिली, तर ती निदान वारसनोंदीसह लिहिता येईल.