भाडोत्री वैमानिक, स्पेनच्या यादवीतील (व फ्लाइट सिम्युलेशन)

भाडोत्री वैमानिक : ठरीव मोबदला घेऊन परक्या देशाच्या युद्धात लढाऊ विमान चालवणारा वैमानिक. घरच्या संगणकावर जॉयस्टिक धरून जुनी युद्धविमाने उडवणाऱ्या हौशींना स्पेनच्या यादवीतील (1936–39) अशा वैमानिकांचे मोठे कुतूहल असते. मराठी वाचकाचा या युद्धाशी संबंध येतो तो मात्र आकाशातून नव्हे, जमिनीवरून.

पार्श्वभूमी : जुलै 1936 मध्ये जनरल फ्रँको व इतर सेनाधिकाऱ्यांनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केले. बंडखोरांना जर्मनी व इटलीने विमाने आणि वैमानिक पुरवले. प्रजासत्ताकाला मुख्यतः सोव्हिएत रशियाची मदत मिळाली. पण ती येईपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ सरकारने परदेशी वैमानिक पैसे देऊन नेमले. फ्रेंच लेखक आंद्रे मालरो यांनी उभारलेल्या तुकडीत असे करारावरचे वैमानिक होते. मालरो यांना स्वतःला विमान चालवता येत नव्हते.

प्रमुख वैमानिक : अमेरिकी वैमानिकांच्या करारात दरमहा 1,500 डॉलर आणि शत्रूचे विमान पाडल्यास प्रत्येकी 1,000 डॉलर असा मोबदला होता. फ्रँक टिंकर हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. अमेरिकेच्या नौदल अकादमीत शिकलेले टिंकर खोट्या नावाच्या स्पॅनिश पासपोर्टवर आले, मार्च 1937 मध्ये ग्वादालाहाराच्या लढाईत इटालियन सैन्यावर त्यांनी हल्ले केले आणि एकूण 8 विमाने पाडली. मायदेशी परतल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. 1939 मध्ये, तिशीच्या आतच, त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे सहकारी हॅरोल्ड डाल जुलै 1937 मध्ये विमान पाडले जाऊन कैद झाले. त्यांना झालेली मृत्युदंडाची शिक्षा अमलात आली नाही. 1940 मध्ये ते सुटले.

विमाने : टिंकर यांनी पोलिकार्पोव्ह आय-15 आणि आय-16 ही दोन्ही सोव्हिएत विमाने चालवली. पहिल्याला स्पॅनिश लोक ‘चातो’ म्हणजे नकटा म्हणत. दुसऱ्याला सरकारी बाजू ‘मोस्का’ (माशी) आणि बंडखोर ‘राता’ (उंदीर) म्हणत. आय-16 ची चाके आत घेण्यासाठी वैमानिकाला हाताने दांडा सुमारे 44 वेळा फिरवावा लागे. उजवा हात त्यात गुंतल्याने विमान डाव्या हाताने सावरावे लागे, आणि चढताना ते हेलकावे खाई.

सिम्युलेशनमधील स्थान : या हौशीचे मूळ अशाच बारकाव्यांत आहे. पाठ्यपुस्तकातील एका ओळीमागे किती कसब होते, हे खुर्चीत बसून विमान सावरताना कळते. हौशी मंडळी विमानावर प्रजासत्ताकाचे लाल पट्टे किंवा शेपटीवरचा पॉपाय हा व्यंगचित्रातला खलाशी रंगवतात, जुन्या नोंदी ताडून मोहिमा रचतात. हा अभ्यासच आहे. पण त्याला मर्यादा आहेत. ‘आयएल-2 स्टुर्मोविक : बॅटल ऑफ मॉस्को’ या सिम्युलेटरमधील आय-16 हे टाइप 24 आहे. त्याचे इंजिन सुमारे 1,100 अश्वशक्तीचे, तर स्पेनमध्ये आलेल्या टाइप 5 चे सुमारे 700 अश्वशक्तीचे होते. त्या विमानात बसून टिंकर यांची लढाई लढणाऱ्याच्या हाती टिंकर यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद असते. आणि खाली धावणारी माणसे पडद्यावर ठिपक्याएवढीच दिसतात.

मराठी व मुंबईचा संबंध : त्या ठिपक्यांपैकी एक मराठी होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. शिक्षणासाठी इंग्लंडला गेले असता ते ‘जॉन स्मिथ’ या नावाने, प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधील ब्रिटिश बटालियनमध्ये भरती झाले. 1938 मध्ये गंदेसा भागात ते पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या तुरुंगात राहिले. पुढे ते कम्युनिस्ट झाले. या बटालियनला शापुरजी सकलातवाला (1874–1936) यांचे नाव देण्यात आले होते. ब्रिटिश पार्लमेंटचे हे कम्युनिस्ट सदस्य मुंबईत जन्मले होते. मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांनी डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्याबरोबर काम केले. त्याच हाफकिन यांच्या नावाची संस्था आज परळला आहे.

नंतरची युद्धे : भाडोत्री वैमानिक पुढच्या युद्धांतही दिसले. काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांताकडे भाडोत्री वैमानिकांची फूगा मॅजिस्टर जेट विमाने होती. सप्टेंबर 1961 मध्ये त्यांपैकी एकाच विमानाने संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला जेरीस आणले. त्यानंतर भारतीय हवाई दलाच्या 5 व्या स्क्वाड्रनची कॅनबेरा विमाने तेथे गेली आणि डिसेंबरमध्ये त्यांनी कोल्वेझीच्या धावपट्टीवर हल्ला केला.

मूल्यमापन : ‘यादवी’ या शब्दात आपल्या भाषेने एका कुळाचा आपसांतला संहार जपून ठेवला आहे. सिम्युलेटर वैमानिकाचे कौशल्य दाखवू शकतो, त्याचा हेतू नाही. टिंकर पैशासाठी आले आणि शौर्याने लढले. हुद्दार विचारासाठी आले आणि कैदेत पडले. स्पेनच्या यादवीचा अभ्यास करणाऱ्याने दोघांच्याही नोंदी शेजारी ठेवूनच वाचाव्यात.