मद्रासची बुलेट

बुलेट भारतात रुजली ती सैन्यामुळे. १९५० च्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी सरकारने ३५० सीसीच्या ८०० गाड्या मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी भागीदारी केली. आधी सुटे भाग बोटीने येत आणि इथे जोडले जात; पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात सगळंच घडू लागलं. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधलं उत्पादन संपलं, मद्रासचं चालूच राहिलं. जुनं इंजिन टिकलं ते त्यामुळे. याला लोक मागासलेपण म्हणतात. मला ती निष्ठा वाटते.

माझ्याकडे वडिलांची आहे, बिडाच्या इंजिनाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिला घाई चालत नाही. किक सावकाश दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, म्हणजे इग्निशनचे पॉइंट उघडले. मग डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि पूर्ण ताकदीने मारायची. काटा न पाहता मारली, तर उलट फटका थेट पायात बसतो.

पॉइंटची फट ०.०१५ इंच. टॅपेट मात्र मापपट्टीने नव्हे, बोटांनी लावायचे: पुशरॉड सहज गोल फिरला पाहिजे, वरखाली अजिबात हलता कामा नये. हे थंड इंजिनावरच जमतं, म्हणून मी ते सकाळी, कामावर निघण्याआधी करतो.