साइडकिकचे दिवस

तुमच्यापैकी जे कोणी २००० सालाच्या आगेमागे अमेरिकेत आले असतील, त्यांना कॉलिंग कार्ड आठवत असेल. देशी दुकानाच्या गल्ल्यामागे टांगलेली पाच-दहा डॉलरची कार्डं, नाण्यानं खरवडून काढायचा पिन, तो लांबलचक आकडा दाबताना एक अंक चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि मग पलीकडून आईचा "हॅलो". त्या एका शब्दासाठी आपण हा सगळा खटाटोप करत होतो. फोन म्हणजे आवाज, यात विचार करण्यासारखं काही असतं असं आपल्याला कधी वाटलं नाही.

मला ते वाटायला लावलं ते २००३ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं. तो जन्मापासून कर्णबधिर. मला तेव्हा कंपनीनं ब्लॅकबेरी दिला होता आणि मी तो कमरेला लावून जरा तोऱ्यातच हिंडत असे. त्याच्या कमरेलाही एक यंत्र होतं, माझ्यापेक्षा जाड आणि दिसायला खेळण्यासारखं. पडद्याला टिचकी मारली की तो गर्रकन फिरायचा आणि खालून कीबोर्ड बाहेर यायचा. मी माझा ब्लॅकबेरी त्याला दाखवला. त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कागदावर लिहिलं, "यावर माझे मित्र आहेत का?"

तेव्हा मला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. तो कळायला थोडं मागं जावं लागतं.

टेलिफोनचा जन्म एका अर्थी कर्णबधिरांच्याच घरात झाला. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या आईला ऐकू येत नव्हतं, पत्नीलाही नाही, आणि तो स्वतः बॉस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवत असे. १८७६ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं त्या शोधाचा कर्णबधिरांना उपयोग तर झाला नाहीच, उलट तोटा झाला. फोन येण्यापूर्वी सगळ्यांनाच चिठ्ठी लिहावी लागे किंवा दारात जाऊन उभं राहावं लागे. फोन आल्यावर जग दारात यायचं थांबलं. डॉक्टरची वेळ, नोकरीचा अर्ज, शेजारच्या गावातल्या मित्राची खुशाली, सगळं तारेवर गेलं. (बेलबद्दल कर्णबधिर समाजात आजही राग आहे, पण तो मुख्यतः खुणांच्या भाषेऐवजी मुलांना बोलायलाच शिकवा या त्याच्या आग्रहामुळे. तो वेगळाच विषय आहे.)

ही कोंडी फोडली ती एका कर्णबधिर माणसानंच. रॉबर्ट वाइटब्रेक्ट हा कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ, हॅम रेडिओचा नाद असलेला. १९६४ साली त्यानं टेलिप्रिंटर टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली. त्याच्याबरोबर पॅसाडीनाचा दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि अँड्र्यू सॅक्स होते. दोघेही कर्णबधिर. अडचण अशी की टेलिफोन कंपनी तेव्हा आपल्या तारेला दुसऱ्या कुणाचं यंत्र जोडू देत नसे. मग वाइटब्रेक्टनं तार जोडलीच नाही. फोनचा रिसीव्हर दोन खळग्यांत उपडा ठेवायचा, टेलिप्रिंटर प्रत्येक अक्षराचे सूर काढणार, ते सूर रिसीव्हरमधून जाणार आणि पलीकडच्या यंत्रावर पुन्हा अक्षरं उमटणार. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं आवाजातूनच एकमेकांना लिहू लागली.

या यंत्राला टीटीवाय म्हणत. सुरुवातीची यंत्रं म्हणजे मोडीत निघालेले टेलिप्रिंटर, दोन माणसांनी मिळून उचलावे लागतील इतके जड. सगळी अक्षरं कॅपिटल. एका वेळी एकानंच टाइप करायचं आणि आपलं म्हणणं संपलं की 'जीए' लिहायचं, म्हणजे "आता तू बोल". संभाषण संपवायचं तर 'एसके'. ट्रंक कॉलच्या काळात वाढलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. समोर टीटीवाय नसेल तर मध्ये ऑपरेटर लागे. कर्णबधिर व्यक्तीनं टाइप केलेलं तो ऐकणाऱ्याला वाचून दाखवणार, आणि ऐकणारा जे बोलेल ते टाइप करून पाठवणार. १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानं ही सेवा देशभर देणं बंधनकारक केलं आणि १९९३ मध्ये ती सर्वत्र सुरू झाली. म्हणजे पिझ्झा मागवण्यापासून प्रेमाच्या भांडणापर्यंत सगळं एका तिऱ्हाइताच्या तोंडून.

घरात हे चाललं. रस्त्यावर मात्र काहीच नव्हतं. गाडी बंद पडली, विमान चुकलं, भेटायची जागा बदलली, तर करणार काय? आणि १९९० च्या दशकात जेव्हा मोबाइल आले, तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. डिजिटल मोबाइल माणसाचा आवाज दाबून, बारीक करून पाठवतो, आणि त्याची सारी गणितं माणसाच्या गळ्यासाठी बसवलेली. टीटीवायचे सूर त्यातून गेले की अक्षरांचा खिमा होऊन बाहेर पडे. डिजिटल जाळ्यांवरून टीटीवायनं ९११ लावता आलंच पाहिजे, हा नियम प्रत्यक्षात यायला २००२ चा जून उजाडला. जे थोडंफार ऐकू येणारे श्रवणयंत्र वापरत, त्यांच्या कानात जीएसएम फोन नुसता गुणगुणत असे. नवं तंत्रज्ञान आलं ते जुनी वाट बुजवत.

अशा वेळी पेजर कामाला आला. आपल्याकडे १९९५ च्या सुमारास आलेला एकतर्फी पेजर नव्हे. त्यात निरोप द्यायला ऑपरेटरला फोन करून बोलावं लागे आणि उत्तर द्यायला पीसीओ शोधावा लागे, कर्णबधिराला दोन्ही बाजूंनी निरुपयोगी. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी दुतर्फी पेजर निघाले. मोटोरोलाचा पेजरायटर डबीसारखा उघडायचा आणि आत छोटा कीबोर्ड असायचा. रिम कंपनीचा ९५० अंगठ्यांनी टाइप करायचा आणि एका साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. कॅलिफोर्नियातल्या विंड कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीनं हे पेजर घेऊन खास कर्णबधिरांसाठी विंडटेल नावाची सेवा उभी केली. त्यातून ईमेल जाई, फॅक्स जाई, टीटीवायला निरोप जाई, आणि लिहिलेला मजकूर यंत्राच्या आवाजात समोरच्याला फोनवर ऐकवताही येई. घराबाहेर असताना कुणाचीही मदत न घेता "मला उशीर होतोय" एवढं कळवता येणं, ही या लोकांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलेली गोष्ट होती. आपण ते वाक्य दिवसातून चारदा बोलतो.

मग ऑक्टोबर २००२ मध्ये साइडकिक आला. डेंजर नावाच्या कंपनीनं बनवलेला, टी-मोबाइलनं विकलेला. डेंजरच्या संस्थापकांपैकी एक अँडी रुबिन, ज्यानं पुढं अँड्रॉइड काढलं. यंत्राचं मूळ नाव हिपटॉप, म्हणजे कमरेवरचा. त्याच्या जाहिराती होत्या तरुण पोरांसाठी. कर्णबधिरांचा विचार करून तो बनवलेला नव्हता, आणि तरीही त्यांनी तो उचलून धरला.

इथं माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न पुन्हा आठवा. ब्लॅकबेरीवर ईमेल येई आणि जाई, पण ईमेल म्हणजे पत्र. साइडकिकवर एओएलचा मेसेंजर सतत चालू असे. यादीत कोण जागं आहे, कोण बाहेर गेलंय ते दिसे. एक ओळ टाकली की लगेच उत्तर येई, 'जीए'ची वाट न पाहता. हे बोलणं होतं, गप्पा होत्या. शिवाय एओएलमधूनच रिले सेवेच्या ऑपरेटरला निरोप टाकून फोन लावता येई. तुम्ही म्हणाल, साधा एसएमएस का नाही? तर अमेरिकेत २००२ पर्यंत एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर एसएमएस धड जातच नसे, आणि पुढंही पाठवणाऱ्याला पैसे पडत, घेणाऱ्यालाही. आकड्यांच्या बटणांवर एका अक्षरासाठी तीन-तीनदा दाबत दिवसाला शेकडो निरोप कोण लिहिणार? युरोपातल्या कर्णबधिरांना मात्र एसएमएसनंच तारलं, कारण तिथं सगळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडलेली होती.

पैशांचा भाग तर सगळ्यात मोठा. मोबाइलचा कुठलाही प्लॅन घ्या, मिनिटं गळ्यात मारलेली असायची. जो बोलणारच नाही त्यानं महिन्याला तीनशे मिनिटं विकत घ्यायची! साइडकिकला डेटा अमर्याद होता, आणि पुढं बोलण्याच्या मिनिटांशिवाय नुसत्या डेटाचा प्लॅनही मिळू लागला. त्यात चांगला मोठा कीबोर्ड, जोरदार थरथराट आणि निरोप आला की लुकलुकणारे रंगीत दिवे. माझ्या ब्लॅकबेरीत बऱ्याच गोष्टी याहून सरस होत्या, पण त्या माझ्यासाठी सरस होत्या. माझ्या सहकाऱ्यानं नुसतं यंत्र निवडलं नव्हतं, मित्र ज्या चावडीवर बसत ती चावडी निवडली होती. एकदा गावातल्या निम्म्या कर्णबधिरांनी साइडकिक घेतला की उरलेल्यांना दुसरं काही घेणं परवडण्यासारखं राहिलं नाही.

२००६ साली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात नव्या अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध आंदोलन पेटलं. कर्णबधिरांचं हे जगप्रसिद्ध विद्यापीठ. १९८८ मध्येही इथं मोठं आंदोलन झालं होतं आणि त्यातून विद्यापीठाला पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळाला होता. तेव्हा निरोप जायचे ते टीटीवायवरून, म्हणजे भिंतीपाशी बसून. २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या हातात पेजर आणि साइडकिक होते. कुठल्या फाटकावर माणसं हवीत, पोलीस कुठून येताहेत, हे मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळत होतं. १३ ऑक्टोबरला १३३ जणांना अटक झाली. महिना संपण्यापूर्वी विश्वस्तांनी नेमणूक मागं घेतली.

पण ही चावडी दुसऱ्याच्या जागेवर होती. साइडकिकमधले पत्ते, फोटो, नोंदी सगळं डेंजरच्या सर्व्हरवर राहत असे. २००८ मध्ये डेंजर मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते सर्व्हर कोसळले. १० तारखेला जाहीर झालं की ग्राहकांचा मजकूर बहुतेक कायमचा गेला. पुढं त्यातला बराचसा परत मिळाला, पण मधले दिवस कसे गेले असतील याचा विचार करा. ऐकू येणाऱ्यांचे फोटो गेले, पत्ते गेले, तरी फोन लागत होता. कर्णबधिरांच्या हातात उरली ती नुसती डबी. माझ्या सहकाऱ्यानं त्या आठवड्यात टेबलाच्या खणातून जुना पेजर काढून पाहिला. त्याची सेवा केव्हाच बंद पडली होती. शेवटी ३१ मे २०११ ला डेंजरची सेवाच कायमची बंद झाली.

तोवर दुसरी गोष्ट सुरू झाली होती, आणि ती मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटते. इतका वेळ आपण मजकुराबद्दल बोलतोय. पण अमेरिकन खुणांची भाषा म्हणजे हातांनी बोललेली इंग्रजी नाही. तिचं व्याकरण वेगळं, वाक्यरचना वेगळी. साइडकिकवर टाइप करणारे कित्येक जण दिवसभर आपल्या दुसऱ्या भाषेत बोलत होते. परदेशात राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मराठीत भांडायला आणि इंग्रजीत भांडायला किती फरक पडतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

खुणांच्या भाषेला चित्र लागतं, तेही हलतं. ब्रिटनमध्ये २००३ पासून थ्रीजी फोनवर व्हिडिओ कॉल मिळत होते, पण ६४ केबीपीएसच्या त्या वाटेवरून बोटं पुसट आणि धक्के खात दिसत. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड लॅडनर आणि ईव्ह रिस्किन यांच्या गटानं या प्रश्नावर 'मोबाइल एएसएल' नावाचा प्रकल्प केला. लॅडनर यांचे आईवडील कर्णबधिर होते. खुणांचं बोलणं पाहणारा माणूस हातांकडे नव्हे, मुख्यतः चेहऱ्याकडे पाहतो, कारण प्रश्न की विधान, राग की थट्टा हे तिथं कळतं. म्हणून त्यांनी चेहरा आणि हात स्पष्ट ठेवून बाकीचं चित्र अंधुक करायची पद्धत बसवली. मग २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला, फेसटाइम आलं, आणि त्याच्या पहिल्या जाहिरातीत एक जोडपं खुणांनी बोलताना दिसलं. तेही २०१२ पर्यंत फक्त वायफायवर. आणि एका हातात फोन धरला की बोलायला एकच हात उरतो! आजही फोन साखरेच्या डब्याला टेकवून दोन्ही हातांनी बोलणारी माणसं तुम्हाला दिसतील.

भारतात दुतर्फी पेजरही रुजला नाही आणि साइडकिकही नाही. तिथं प्रीपेड कार्ड आणि एसएमएस हीच कर्णबधिरांची पहिली वाट. आपण जसं रोमन अक्षरांत मराठी लिहायचो, तसंच तेही लिहायचे, आणि त्यांच्यासाठी ती खुणांच्या भाषेनंतरची आणखी एक भाषा. सप्टेंबर २०११ मध्ये जाहिरातींचा सुळसुळाट थांबवायला ट्रायनं एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. पुढं ती २०० झाली आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. दिवसाला शंभर वाक्यं बोलायची, त्यापुढं गप्प, असा नियम बोलणाऱ्यांना कुणी घातला असता का? २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला तेव्हा व्हिडिओ कॉल तिथं घरोघर पोचले.

अमेरिकेत राहत असाल आणि हातात आयफोन असेल, तर सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटीत खाली जाऊन पाहा. 'आरटीटी/टीटीवाय' अशी एक ओळ दिसेल. आरटीटीमध्ये 'पाठवा' हे बटण दाबायची वाट पाहावी लागत नाही. तुम्ही टाइप कराल ते अक्षर त्याच क्षणी समोरच्याला दिसतं, चुकून खोडलेलंसुद्धा. माझा सहकारी आता निवृत्त झालाय. त्याला मी हे मागच्या महिन्यात व्हिडिओवर दाखवलं. त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि विचारलं, "यावर माझे मित्र आहेत का?"