मानसोपचाराची कागदपत्रे मागताना

थेरपिस्टकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून कागदपत्रे हवी असतात, तेव्हा ती बहुधा घाईतच हवी असतात. बदली होऊन दुसऱ्या शहरात उपचार सुरू करायचे असतात, विम्याचा दावा अडलेला असतो किंवा ऑफिसला रजेसाठी काहीतरी द्यायचे असते. तरीही मागायला संकोच वाटतो. 'डॉक्टरांना वाटेल, आपला त्यांच्यावर विश्वास नाही.' असे वाटून घेऊ नका. रक्ताचा रिपोर्ट मागताना आपण लाजत नाही, आणि इथेही लाजायचे कारण नाही.

कायद्याने काय मिळते

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा व मिळवण्याचा हक्क आहे. त्याखालच्या २०१८ च्या नियमांत त्यासाठी 'नमुना अ' हा अर्ज दिला आहे. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत रुग्णालयाने निदान, तपासण्या, मूल्यमापन आणि उपचार यांची माहिती 'नमुना ब' मध्ये द्यायची असते. याशिवाय डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत, रुग्णाने नोंदी मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात असे म्हटले आहे. मात्र त्याच आचारसंहितेनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षेच जपणे बंधनकारक आहे. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरी नीट ठेवा. दहा वर्षांनी त्या रुग्णालयात मिळतीलच असे नाही.

कायद्यातील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आणि या क्षेत्रातील परिचारिका येतात. पाटीवर नुसते 'समुपदेशक' लिहिलेली व्यक्ती त्यात येईलच असे नाही. तिच्याकडे जात असाल, तर नोंदी कशा ठेवता आणि मागितल्यावर काय देता, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

नेमके काय मागायचे

'पूर्ण फाइल द्या' अशी मागणी केली की बहुतेक वेळा गोंधळ होतो. आधी कागद कोणासाठी हवा आहे ते ठरवा. नव्या डॉक्टरांना निदान, आतापर्यंतची औषधे व त्यांचे डोस, कोणते औषध सोसले नाही आणि थेरपीत काय झाले याचा एक-दोन पानी सारांश पुरतो. औषधांचा इतिहास त्यात जरूर असू द्या. तो नसल्यामुळे एकदा न सोसलेले औषध पुन्हा सुरू झालेले मी पाहिले आहे.

विमा कंपनीला साधारणतः डिस्चार्ज समरी, बिले, चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे रिपोर्ट लागतात. तुम्ही सत्रात आईबद्दल किंवा लग्नाबद्दल काय बोललात, हे दावा मंजूर करायला लागत नाही. छापील संमतीपत्रावर 'सर्व माहिती' असे असेल, तर सही करण्यापूर्वी कोणती माहिती, ते विचारा. ऑफिससाठी याहूनही कमी पुरते. किती दिवस विश्रांती हवी आणि कामावर कधी रुजू होता येईल एवढे लिहिलेला दाखला बहुधा चालतो. निदान लिहू नका, अशी विनंती तुम्ही करू शकता. हा दाखला मानसोपचारतज्ज्ञ देतात. मागच्या तारखेचा मागू नका, कोणताही सरळ डॉक्टर तो देणार नाही.

थेरपिस्ट स्वतःच्या विचारासाठी जी टिपणे काढतात, ती देण्याबाबत ते सहसा नाखूश असतात. त्यात अर्धवट अंदाज असतात, कधी दुसऱ्या व्यक्तींबद्दलचा मजकूरही असतो. बुद्ध्यंक किंवा व्यक्तिमत्त्व चाचणीचेही तसेच आहे. उत्तरपत्रिकेपेक्षा सही-शिक्क्याचा अहवाल मागा, तोच उपयोगी पडतो.

अर्ज साधा असावा: 'मी अमुक तारखेपासून आपल्याकडे उपचार घेत आहे. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांना दाखवण्यासाठी मला निदान, औषधे आणि थेरपीचा सारांश हवा आहे.' खाली नाव, नोंदणी क्रमांक, सही. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. ऑनलाइन थेरपी असेल तर ईमेलने मागा, फोनवर नको.

घरच्यांनी मागितले तर

इथे मला थोडे कडक लिहावे लागेल. पती किंवा पत्नी, सासरचे, सज्ञान मुलाचे आईवडील, कोणीही असो, केवळ नाते आहे म्हणून फाइल मिळत नाही. कलम २३ नुसार ही माहिती गोपनीय आहे. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला काळजी घेण्यासाठी निदान व उपचारांची माहिती मिळू शकते. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालक मागू शकतात. पण सोळा वर्षांच्या मुलीला आपले प्रत्येक वाक्य घरी वाचले जाणार हे कळले, तर ती पुढच्या भेटीत बोलेल का, याचा विचार आधी करा.

घटस्फोटाच्या वादात 'तिची फाइल काढून द्या' म्हणून येणारेही असतात. डॉक्टरांनी नकार दिला तर ते बरोबरच आहेत. तो मार्ग न्यायालयातून जातो. शिवाय मानसिक आजाराचे निदान म्हणजे व्यक्ती वेडी ठरली असा अर्थ होत नाही, हे याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

नाही म्हटले तर

कायद्यात रोखण्याची दोनच कारणे आहेत: माहितीमुळे रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल, किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असेल. तेव्हाही तेवढाच भाग रोखता येतो, सगळी फाइल नाही. आणि ती माहिती मिळावी म्हणून मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करण्याचा तुमचा हक्क आहे, हे व्यावसायिकाने तुम्हाला सांगितले पाहिजे. 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' किंवा 'आधी उरलेल्या सत्रांचे पैसे भरा' ही कारणे त्यात नाहीत. झेरॉक्सचा रास्त खर्च मात्र द्यावा.

मंडळाकडे जाण्याआधी एकदा लेखी स्मरणपत्र द्या. पुष्कळदा अर्ज स्वागतकक्षातच पडून असतो, डॉक्टरांपर्यंत पोचलेलाच नसतो.

कागद हाती आला की शक्यतो एकट्याने, रात्री उशिरा वाचू नका. निदानाचे शब्द कोरडे असतात, कधी लागतात. जो शब्द समजला नाही त्यावर खूण करा आणि पुढच्या भेटीत विचारा. नाव, जन्मतारीख किंवा औषधाचा डोस चुकला असेल, तर दुरुस्तीही लेखीच मागा.