कुत्र्याचे फेफरे आणि पांढरा पाव

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडात पाळीव कुत्र्यांमध्ये एक चमत्कारिक विकार फैलावू लागला. शेकोटीपाशी निवांत पडलेला कुत्रा एकाएकी उठे, डोळे विस्फारी आणि कोणी पाठीस लागल्याप्रमाणे विव्हळत, भुंकत धावत सुटे. समोर भिंत आहे की मेज, आपला धनी आहे की परका, याचे कसलेही भान त्याला राहत नसे. मग पाय ताठ होत, तो आडवा पडे, जबडा वाजू लागे आणि तोंडातून फेस येई. काही वेळाने तो धडपडत उठे व घरातल्या माणसांकडे अनोळखी नजरेने पाहत राही. लोकांनी यास 'धावते झटके' अशा अर्थाचे नाव दिले. पशुवैद्यांनी 'कुत्र्यांचा उन्माद' म्हटले. रस्त्यात असा कुत्रा दिसला की तो पिसाळला असेच पाहणाऱ्यास वाटे, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची गत काय होते हे सांगावयास नको.

कुत्र्यास फेफरे येणे ही मुळात नवी गोष्ट नव्हे. प्राण्यांनाही हा विकार जडतो हे माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या, अपस्माराविषयीच्या ग्रीक ग्रंथाचा कर्ता हा रोग देवाच्या कोपाने होतो हे मत साफ नाकारतो, आणि पुरावा म्हणून शेळीचे उदाहरण देतो. शेळ्यांना हा विकार वारंवार होतो. अशा शेळीचे डोके फोडून पाहिले तर मेंदू पाण्याने भरलेला व दुर्गंधीयुक्त आढळतो, तेव्हा येथे बिघाड देहात आहे, देवतेचा संबंध नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याचे शारीर ज्ञान आज टिकणारे नाही. पण रोगाचे घर मेंदूत आहे हे त्याने अचूक ताडले होते. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्माराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. स्मृतीचा लोप, बुद्धी व मन यांचा विभ्रम आणि काळोखात शिरल्यासारखी अवस्था ही त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. तरी सामान्य माणसाच्या हाती राहिला तो नाकाशी धरावयाचा कांदा किंवा चामड्याची वहाण! झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपला आपणच थांबतो. तेवढ्यात कांदा नाकाशी पोचलेला असतो आणि सगळे श्रेय कांद्यास मिळते. कुत्र्याच्या बाबतीतही हाच उपाय अनेक घरांत होत आला आहे.

खरे औषध सापडले तेही काहीसे आडवाटेने. राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांच्या वेळी ज्यांची सेवा घेतली गेली ते सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली लंडनमधील वैद्यांच्या एका सभेत सांगितले की, काही स्त्रियांचे अपस्माराचे झटके पोटॅशियम ब्रोमाईडने थांबले. त्यांची कारणमीमांसा चुकीची होती. ब्रोमाईड कामवासना शमविते आणि या झटक्यांचा उगम स्त्रीच्या जननेंद्रियांच्या क्षोभात आहे, अशी त्यांची समजूत होती. तर्क फसला, परंतु क्षार गुणकारी ठरला. पुढे १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटल या झोपेच्या औषधाचा हाच गुण आढळला. ही दोन्ही औषधे माणसांकडून कुत्र्यांकडे आली, आणि आजही कुत्र्याच्या अपस्मारावर मुख्य भिस्त यांच्यावरच आहे.

मात्र १९२० नंतरच्या त्या साथीचे गूढ औषधाने उकलणारे नव्हते. कोणी म्हणे पोटातील जंत, कोणी म्हणे कानातील किडे, कोणी जंतुसंसर्ग म्हणे, तर कोणास अन्नात एखादे जीवनसत्त्व कमी पडत असावे असे वाटे. एक गोष्ट मात्र जाणत्या पशुवैद्यांच्या ध्यानात आली होती. कुत्र्यास बिस्किटे व पाव देणे बंद करून निव्वळ मांसावर ठेवले की झटके पुष्कळदा थांबतात. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनात कुत्र्यांची बिस्किटे विकावयास आरंभ केल्यापासून शहरी कुत्र्याच्या खाण्यात गव्हाचे पीठ मोठ्या प्रमाणावर शिरले होते. पण बिस्किटे तर साठ वर्षे चालत आली होती. मग झटके आताच का यावेत?

या प्रश्नाचे उत्तर गिरणीत होते. नुकतेच दळलेले गव्हाचे पांढरे पीठ किंचित पिवळसर असते आणि त्याचा पाव नीट फुगत नाही. ते काही आठवडे साठवून ठेवले की हवेतील प्राणवायूने त्याचा रंग उतरतो, त्यातील ग्लुटेन हे चिकट प्रथिन बळकट होते आणि कणीक ताणली जाऊ लागते. आठवडेच्या आठवडे पीठ कोठारात अडकवून ठेवणे हे व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. म्हणून पिठातून नायट्रोजन ट्रायक्लोराईड या वायूचा अल्पसा झोत सोडून तेच काम थोडक्या वेळात उरकण्याची युक्ती निघाली. व्यापारात तिला 'एजीन' हे नाव मिळाले, आणि १९२० नंतर अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत ती झपाट्याने पसरली.

हे द्रव्य रसायनशास्त्रात आधीच बदनाम होते. १८११ साली ते प्रथम तयार करणाऱ्या प्येर द्युलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या स्फोटात एक डोळा आणि हाताची बोटे गमावली. इंग्लंडात हम्फ्री डेव्हींच्या डोळ्यासही त्यानेच इजा झाली आणि त्यांना काही काळ लेखनिकाची गरज पडली. त्या कामासाठी जो तरुण त्यांच्याकडे आला तो मायकेल फॅरडे. पिठात अर्थातच ते अतिशय विरळ असे आणि प्रथिनांशी संयोग पावून नाहीसे होई. म्हणून पिठात विष उरत नाही, अशी गिरणीवाल्यांची खात्री होती. ती एका अर्थी खरीच होती, कारण वायू उरत नव्हता. त्याने प्रथिनाचे काय केले हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

तो विचारला सर एडवर्ड मेलॅन्बी यांनी. १९३३ पासून ते इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे चिटणीस होते, पण कारभाराच्या व्यापातही त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा सोडली नव्हती. मुडदूस हा आहारदोषाने होतो हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांनीच सिद्ध केले होते. कुत्रा, धान्य आणि रोग या त्रिकुटाचा त्यांचा अभ्यास त्यामुळे फार जुना होता. त्यांनी कुत्र्यांचे दोन गट केले. अन्न तेच, पीठही तेच. फरक एवढाच की, एका गटाचे पीठ एजीनने सुधारलेले आणि दुसऱ्याचे न सुधारलेले. पहिल्या गटास झटके आले, दुसरा ठणठणीत राहिला. अन्न बदलले की आजारी कुत्रे बरे होत. दोष पिठातील ग्लुटेनबरोबर येतो हेही स्पष्ट झाले. १९४६ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि गिरणीधंद्यात खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे एल्व्हेजेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निष्कर्षांस दुजोरा दिला.

या प्रयोगांत कुत्र्यांना जाणूनबुजून फेफरे आणावे लागले, ही गोष्ट वाचताना मन अस्वस्थ होते. प्रयोगशाळेतील त्या मूठभर प्राण्यांनी घराघरांतील हजारोंचे दुःख आपल्या अंगावर घेतले असे म्हणता येईल; पण त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

पुढचे काम रसायनज्ञांचे होते. इंग्लंडातील सेंट ऑल्बन्स येथील धान्य संशोधन केंद्रात बेंटले, मॅक्डरमॉट, पेस, व्हाइटहेड आणि मोरन यांनी सुधारलेल्या प्रथिनातून ते विषारी द्रव्य १९४९ - ५० मध्ये वेगळे काढले. प्रथिनाचा एक घटक असलेल्या मेथायोनिनवर वायूची क्रिया होऊन ते बनत होते. त्याचे नाव मेथायोनिन सल्फॉक्सिमिन. मेंदूत ग्लुटामेट नावाचे एक उत्तेजक द्रव्य असते. ग्लुटामेट व अमोनिया यांची जोडणी करून निरुपद्रवी ग्लुटामिन बनविण्याचे काम एक विकर करीत असते. मेथायोनिन सल्फॉक्सिमिन जाऊन बसते ते नेमके त्या विकराच्या जागी, आणि मग मेंदूतील हा समतोल ढळतो. शरीरातील एका रेणूची दुसऱ्या रेणूने केलेली ही तोतयागिरी इतकी बिनचूक आहे की, अपस्मार व अमोनियाचे विकार यांच्या अभ्यासात ते द्रव्य पुढे एक हत्यार म्हणून प्रयोगशाळांतून वापरले जाऊ लागले.

आणि माणसांचे काय? पाव तर माणसेही तोच खात होती, आणि कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे. मांजर, ससा आणि फेरेट हे प्राणी या विषाला बळी पडत, उंदरावर मात्र त्याचा सहजी परिणाम होत नसे. माणसांना असे पीठ मुद्दाम खाऊ घालून पाहिले गेले, त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख काढले गेले. अपाय झाल्याचे दिसून आले नाही. 'पुरावा नाही तर चालू द्या' असा युक्तिवाद धंद्याच्या बाजूने करता येण्यासारखा होता. तथापि ज्या अन्नाने कुत्रा फेफरे येऊन पडतो ते राष्ट्राच्या ताटात वाढावे काय, या प्रश्नाला तोंड देणे सरकारला कठीण गेले. अमेरिकेत १९४९ साली एजीन बंद झाले. इंग्लंडात ते काढून त्याऐवजी क्लोरीन डायऑक्साइड आणण्याचे ठरले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथूनही ते नाहीसे झाले. त्याबरोबर धावत्या झटक्यांची साथही ओसरली. आजच्या तरुण पशुवैद्याने तो विकार बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो.

मेलॅन्बी यांचा या देशाशीही थोडा ऋणानुबंध आहे. परिषदेतून निवृत्त झाल्यावर भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथे आले आणि लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी प्रासादात १९५१ च्या फेब्रुवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते त्या संस्थेचे उद्घाटन झाले. १९५५ च्या जानेवारीत मेलॅन्बी इंग्लंडात निवर्तले.

साथ गेली, पण कुत्र्याचे मूळचे फेफरे गेले नाही. ज्यात मेंदूत जखम, गाठ किंवा विष काहीच सापडत नाही असा अपस्मार बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो, आणि त्याचे मूळ पुष्कळदा वंशात असते. लागोत्तो रोमान्योलो या इटालियन जातीच्या पिलांतील झटक्यांमागचे जनुक २०११ साली सापडले. त्यापूर्वी २००५ साली राठ केसांच्या डॅक्सहुंडमधील एका प्रकाराचे जनुक सापडले होते. इतर बहुतेक जातींत मात्र हा वारसा अनेक जनुकांत विखुरलेला आहे.

ज्या घरात असा कुत्रा आहे तेथे पहिल्या झटक्याच्या रात्री सगळेच घाबरतात. कोणी त्याच्या तोंडात हात घालतो, कोणी चमचा; जीभ गिळली जाईल अशी भीती असते. जीभ गिळली जात नाही, चावा मात्र हमखास बसतो, आणि त्यात कुत्र्याचा काही अपराध नसतो. जवळची खुर्ची - टेबले सरकवावी, जिन्यापासून त्यास दूर ठेवावे, दिवा मंद करावा आणि घड्याळाकडे पाहावे, एवढेच त्या वेळी करण्यासारखे असते. घड्याळ महत्त्वाचे, कारण झटका पाच मिनिटांपलीकडे लांबला किंवा पहिल्यातून सावध होण्यापूर्वी दुसरा आला, तर पशुवैद्याकडे तातडीने धाव घेतली पाहिजे. औषध सुरू झाले की ते बहुतेकदा जन्माचे असते. ते मनाने एकाएकी थांबविल्यास झटके अधिक जोराने उलटतात, आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडणाऱ्या घरांत हे वारंवार घडते.

माणसांच्या अपस्मारातून हद्दपार झालेले लोकॉक यांचे ब्रोमाईड कुत्र्यांच्या बाबतीत अजून कामावर आहे, पण त्याची एक खोड आहे. मूत्रपिंडांना ब्रोमाईड आणि मिठातील क्लोराईड यांतला भेद फारसा कळत नाही. खाण्यात मीठ वाढले की शरीर क्लोराईडबरोबर ब्रोमाईडही बाहेर टाकते, आणि रक्तातील औषध उतरते. त्यामुळे कधी लग्नकार्याच्या दिवसांत, पाहुण्यांनी लाडाने पापड - फरसाण चारल्यानंतर, महिनोन्‌महिने शांत असलेला कुत्रा पुन्हा पडतो. पशुवैद्य अशा वेळी आधी वहीची चौकशी करतात: झटका कोणत्या दिवशी आला, किती वाजता, किती मिनिटे टिकला, आदल्या दिवशी पोटात काय गेले. झटक्यानंतर बराच वेळ तो कुत्रा भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालीत राहतो, हाक ऐकू आल्यासारखे करतो पण येत नाही. आणि मग केव्हातरी, बहुधा पाण्याच्या भांड्यापाशी, आपल्या माणसाचा हात हुंगून त्यास ओळख पटते.