दम्याची पूर्वकालीन चिकित्सा

श्वासनलिकांच्या भित्तीतील स्नायूंचे आकुंचन, अंतस्त्वचेची दीर्घकालीन सूज आणि चिकट कफाचा संचय यांमुळे झटक्याझटक्याने होणाऱ्या श्वासकष्टास दमा म्हणतात. ‘दमा’ हा मराठी शब्द श्वास या अर्थाच्या ‘दम’ या फार्सी शब्दापासून आला आहे. आयुर्वेदात या विकारास ‘तमकश्वास’ अशी संज्ञा असून युनानी वैद्यकात त्याला ‘झीक-उन-नफस’ म्हणतात. दम्याच्या झटक्यावर अॅड्रेनॅलिनाची अंतःक्षेपणे १९०३ च्या सुमारास देण्यात येऊ लागली, १९२४ नंतर एफेड्रीन प्रचारात आले आणि फवाऱ्याच्या रूपाने हुंगण्याची औषधे १९५६ पासून मिळू लागली. त्यापूर्वीच्या दीर्घ काळात वैद्यांच्या हाती मुख्यतः वनस्पती, धूर, शेक आणि पथ्य एवढीच साधने होती. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. कल्याण–कसारा लोहमार्गावरील आटगाव, त्याच्या जवळचे माहुली व तानसा येथील अरण्य आणि पूर्वेस माळशेज घाटापर्यंतचा सह्याद्रीचा पायथा या पट्ट्यात श्वासरोगावरील ग्रंथोक्त द्रव्यांपैकी पुष्कळशी नैसर्गिक रीत्या उगवतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतरावा अध्याय उचकी व श्वास यांना वाहिलेला आहे. त्यात श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आणि पुढे माधवनिदानातही हेच वर्गीकरण आढळते. यांतील पहिले तीन प्रकार बहुधा मरणोन्मुख अवस्थेतील श्वासाचे असून त्यांचा दम्याशी संबंध नाही. तमकश्वासाचे वर्णन मात्र इतके अचूक आहे, की आजच्या चिकित्सकासही त्यात भर घालण्यास फारसे उरत नाही. प्रथम पडसे येते, गळ्यात घुरघुर होते, कफ सुटेपर्यंत रोगी कासावीस होतो आणि तो सुटला की घटकाभर आराम पडतो. आडवे झाल्यास धाप वाढते, बसल्यास कमी होते. रोग्यास उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी विकार बळावतो. हा विकार नवा असल्यास साध्य, एरवी ‘याप्य’ म्हणजे केवळ आटोक्यात ठेवण्याजोगा, असे स्पष्ट म्हटले आहे. समूळ बरे करण्याचा दावा चरकाने केला नाही, ही गोष्ट पुढील काळातील औषधविक्रेत्यांच्या जाहिराती पाहता ध्यानात ठेवावी अशी आहे.

रोगाच्या कारणांत धूळ, धूर, थंड पाणी व थंड जागा यांचा उल्लेख आहे. उत्तर कोकणातील खेड्यांना ही कारणे परकी नाहीत. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो तेव्हा शिवारभर धूर असतो. त्यानंतर चार महिने मुसळधार पाऊस व ओल, कार्तिकात झोडणीची धूळ आणि वर्षभर घरातील चुलीचा धूर असे हे चक्र चालते. वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या वाट्यास धूळ व धूर ही दोन्ही एकदम येतात.

ग्रंथोक्त उपचारक्रमात झटक्याच्या वेळचे उपचार व दोन झटक्यांमधील उपचार यांत भेद केलेला आहे. झटका आला असता प्रथम छातीस सैंधव घातलेले तेल चोळून शेक द्यावा, त्यायोगे घट्ट कफ पातळ होतो; मग स्निग्ध अन्न देऊन पिंपळी, सैंधव व मध यांच्या योगाने वमन करवावे. वाट अडलेले पाणी जसे तुंबते तसा वायू तुंबतो, म्हणून त्याचा मार्ग मोकळा करावयाचा, अशी यामागील उपपत्ती होय. विकाराचे मूळ छातीत नसून पित्तस्थानात आहे, ही चरकाची समजूत आज मान्य होण्यासारखी नाही. तथापि मळमळ उत्पन्न करणारी द्रव्ये श्वासनलिकांतील स्राव वाढवून कफ सैल करतात, हे खरे आहे. यूरोपातही इपेकॅक हे वांतिकारक याच हेतूने दम्यावर देत असत. वमनासाठी विख्यात असलेले गेळफळ सह्याद्रीच्या उतारांवर उगवते. दुर्बल, स्वेदन न झालेल्या किंवा कफ न सुटलेल्या रोग्यास वमन दिल्यास तो दगावतो, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. अशा रोग्यास मांसरस, तूप व पौष्टिक अन्न द्यावे असे सांगितले आहे. परंतु पावसाळ्याच्या अखेरीस ज्या घरात धान्यच उरत नसे तेथे हे पथ्य पाळले जाणे अशक्य होते.

वमनानंतर उरलेला दोष धूमपानाने काढीत. हळद, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी व मनशीळ यांची वाटून वात करीत आणि तिला तूप लावून धूर घेत. मनशीळ हे आर्सेनिकाचे संयुग होय. ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीझ यानेही राळेबरोबर मनशिळेचा धूर खोकला व दम्यावर सांगितला आहे, आणि एकोणिसाव्या शतकात यूरोपात आर्सेनिकयुक्त सिगारेटी दमेकऱ्यांना दिल्या जात. या बाबतीत पौर्वात्य व पाश्चात्त्य दोघेही एकाच चुकीचे धनी होते.

धूमपानाच्या द्रव्यांत धोतऱ्याचे स्थान वेगळे आहे. गावठाणाच्या पडीक जमिनीत आपोआप वाढणाऱ्या या झुडपात हायोसायमीन, स्कोपोलामीन व अॅट्रोपीन ही अल्कलॉइडे असतात. ती प्राणेशा तंत्रिकेच्या टोकांशी ॲसिटिलकोलिनाचे कार्य रोखतात, त्यामुळे श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात. वाळलेल्या पानांचा धूर घेतल्यास काही मिनिटांतच धाप उतरते, याचे कारण हेच होय. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात धोतरा येतो तो मात्र औषध म्हणून नव्हे, तर धन्यास बेशुद्ध करून चोरी करण्याचे साधन म्हणून. मद्रास येथील वैद्यकाधिकारी जेम्स अँडरसन यांच्याकडून धोतऱ्याच्या धूमपानाची माहिती १८०२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथील वैद्यांनी त्याच कुलातील पांढऱ्या फुलांची दुसरी जाती वापरण्यास सुरुवात केली. १८६८ च्या भारतीय औषधिकोशात धोतऱ्याची पाने व बिया समाविष्ट झाल्या. कारखान्यांत वळलेल्या दम्याच्या सिगारेटी पुढे मुंबईच्या बाजारातही आल्या. गावच्या उकिरड्यावरील झुडूप अशा रीतीने समुद्रापार जाऊन विलायती औषध म्हणून परतले.

धोतऱ्यात गुण देणारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक व ऋतूगणिक बदलते. तोंड कोरडे पडणे, बाहुल्या विस्फारणे, बडबड, भ्रम व अखेरीस बेशुद्धी ही विषबाधेची लक्षणे होत. वाटसरूंना धोतरा घालून लुटल्याच्या हकीकती एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत विस्ताराने येतात. वैद्यांना या धोक्याची जाणीव होती. बिया दुधात उकळून शुद्ध करणे हा एक उपाय होता. दुसरा उपाय भैषज्यरत्नावलीतील कनकासवाच्या कृतीत दिसतो. त्यात धोतरा व अडुळसा प्रत्येकी ४ पल, शिवाय ज्येष्ठमध, पिंपळी, रिंगणी, नागकेशर, सुंठ, भारंगी व तालीसपत्र घालून धायटीची १६ पल फुले, मनुका, साखर व मध यांसह ते पाण्यात महिनाभर आंबवतात. विष मोठ्या द्रवमानात विरून प्रत्येक मात्रेत थोडेच यावे, हा या कृतीचा व्यावहारिक लाभ होय. तालीसपत्र हिमालयातून येई. पण धोतरा, अडुळसा, रिंगणी, भारंगी व धायटी ही पाचही द्रव्ये शहापूर-मुरबाडच्या रानात आणि कुंपणांवर मिळतात.

ती ओळखणारे व गोळा करणारे लोक बहुधा ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी या जमातींचे असत. हिरडा-बेहड्यासारखा माल त्यांच्याकडून व्यापाऱ्यांमार्फत शहरात जाई. त्यांच्यापैकी भगत हा स्वतः चिकित्सकही असे. रोग देवाच्या कोपाचा की शरीराचा हे तो आधी ठरवी व मग अंगारा किंवा मुळी देई. वैद्य व भगत यांच्या विचारपद्धतीत फार अंतर असले, तरी हातातील वनस्पती पुष्कळदा एकच होती. फिरस्ते वैदूही अशी औषधे विकीत. रुईच्या फुलांची मिऱ्यांबरोबर केलेली गोळी, अडुळशाचे पान तव्यावर शेकून काढलेला रस मधातून देणे आणि त्याच पानांची विडी ओढणे हे घरगुती उपाय होते. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असल्याने ते औषध निर्धोक नव्हते. कोजागरी पौर्णिमेस खिरीतून किंवा दुधातून दम्याचे औषध देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. शरदात हवा पालटताना दमा उसळतो, या अनुभवाशी तिचा संबंध असावा. लहान मुलांच्या पोटावर किंवा छातीवर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची डोंगराळ भागांतील रीत मात्र सर्वथा घातक होय.

या द्रव्यांपैकी काहींची पुढे प्रयोगशाळेत कसोटी लागली. अडुळशातून व्हॅसिसीन हे अल्कलॉइड १८८८ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याच्या रचनेवरून तयार केलेले ब्रोमहेक्झीन १९६० नंतरच्या दशकात कफ पातळ करणारे औषध म्हणून जगभर रूढ झाले. ते दम्याचा झटका थांबवीत नाही. अंतमूळ या वेलीची पाने रोज चघळल्याने काही आठवडे आराम पडतो, असे दिल्ली येथील १९६० नंतरच्या दशकातील चाचण्यांत आढळले होते. १९७९ मधील दुसऱ्या चाचणीत मात्र औषध व निष्क्रिय द्रव्य यांत लक्षणीय फरक दिसला नाही. धोतऱ्याच्या अल्कलॉइडांपासून सुधारून केलेले इप्राट्रोपियम आजही फवाऱ्यातून दिले जाते.

जुन्या चिकित्सेची सर्वांत मोठी उणीव निदानात होती. नाडी, श्वासाचा आवाज व रोग्याची हकीकत एवढ्यावरून दमा, हृदयविकारजन्य धाप व क्षय यांतील भेद प्रत्येक वेळी कळणे शक्य नव्हते. छाती ठोकून व ऐकून तपासण्याची रीत यूरोपातही १८१९ मध्ये लायनेक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच रूढ होत गेली. क्षयाच्या रोग्यास दम्याचा समजून वर्षानुवर्षे अडुळसा दिला जाई, आणि एकाच खोपटात राहणाऱ्या कुटुंबात रोग पसरे. तीव्र झटका रात्रभर न उतरल्यास मृत्यू टाळण्याचा कोणताही उपाय वैद्याजवळ नव्हता. १८६१ पर्यंत लोहमार्ग कसाऱ्याला पोहोचल्यावर आटगावच्या बाजूची माणसे मुंबईच्या रुग्णालयांच्या आवाक्यात आली. मुरबाडच्या डोंगरकपारीतील पाड्यांना मात्र पुढेही दीर्घकाळ रोग्यास डोलीत घालून आणावे लागे. भारंगी, जिचे मूळ श्वासावरील काढ्यांत सर्वत्र येते, ती या भागात आज औषधापेक्षा रानभाजी म्हणून अधिक परिचित असून पावसाळ्यात आदिवासी स्त्रिया तिची कोवळी पाने व फुले आठवड्याच्या बाजारात विकावयास आणतात.