चहा : हवामान व लागवडीची परिस्थिती

चहा हे थिएसी कुलातील सदाहरित झाड असून त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस आहे. नैऋत्य चीन, उत्तर म्यानमार आणि आसाम यांना जोडणाऱ्या दमट अरण्यपट्ट्यात ते मूळचे आढळते. मोकळे वाढू दिल्यास झाड १० मी.पेक्षाही उंच होते. मळ्यात मात्र छाटणी करून ते कमरेइतके ठेवतात. दोन कोवळी पाने आणि शेंड्याची कळी एवढेच पीक खुडले जाते. धान्य किंवा फळ एका हंगामात तयार होऊन हाती येते; चहाच्या झुडपाला मात्र सतत नवे कोंब फोडत राहावे लागते. त्यामुळे एखादा प्रदेश चहाला मानवेल की नाही, हे वार्षिक सरासरी पाऊस व तापमानापेक्षा पाऊस, ऊन आणि थंडी वर्षाच्या बारा महिन्यांत कशी वाटली गेली आहेत यावर अधिक ठरते.

प्रकार : लागवडीत दोन प्रकार मुख्य आहेत. चिनी प्रकार (सायनेन्सिस) लहान पानांचा, बुटका व थंडी सोसणारा. आसामी प्रकार (असामिका) मोठ्या पानांचा, भराभर वाढणारा आणि उष्ण-दमट हवेत रमणारा. दोघांचा संकर सहज होतो, त्यामुळे बऱ्याच जुन्या मळ्यांत संमिश्र झाडे दिसतात. एरवी केवळ उष्ण कटिबंधापुरते राहिले असते असे हे पीक काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः चिनी प्रकाराच्या काटकपणामुळे.

तापमान व दिनमान : कोंबांच्या वाढीस साधारण १८ ते ३० अंश से. तापमान अनुकूल असते. सुमारे १३ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. पानाचे स्वतःचे तापमान ३५ अंशांपुढे गेले की प्रकाशसंश्लेषण झपाट्याने घटते. दिवसाची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. दिवस सव्वाअकरा तासांहून लहान होऊन काही आठवडे तसाच राहिला, तर झुडूप सुप्तावस्थेत जाते. विषुववृत्तापासून साधारण १६ अंशांपलीकडच्या प्रदेशांत म्हणूनच हिवाळी विश्रांती ठरलेली असते. केनिया, श्रीलंका व दक्षिण भारत येथे खुडणी वर्षभर चालते. सुप्त झालेल्या, न उमलणाऱ्या शेंड्याला मळ्यांत ‘बांझी’ म्हणतात. थंडी किंवा पाण्याचा ताण वाढला की खुडलेल्या पाल्यात बांझीचे प्रमाण वाढते.

पाऊस व आर्द्रता : वर्षाला किमान १,२०० मिमी. पाऊस आवश्यक मानतात. बहुतेक प्रमुख प्रदेशांत तो १,५०० ते ३,००० मिमी. असतो. उष्ण महिन्यांत मळ्यातून दरमहा साधारण १२० ते १५० मिमी. पाणी बाष्परूपाने निघून जाते. एवढी भर पावसाने किंवा जमिनीतील साठ्याने न घातल्यास कोंब खुरटतात. हवा कोरडी असेल तर मुळाशी ओल असूनही वाढ मंदावते, कारण पानातून निघणारे पाणी मुळे तितक्या वेगाने पुरवू शकत नाहीत. म्हणूनच कोरड्या ऋतूत केवळ सिंचनाने चहाची वाढ पूर्ववत होत नाही. आफ्रिकेतील मलावीच्या मुलांजे व थियोलो भागांत, पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या तापलेल्या कोरड्या आठवड्यांत, हा परिणाम ठळक दिसतो.

जमीन : चहाला आम्लधर्मी जमीन लागते, ४.५ ते ५.५ सामू उत्तम. बहुतेक पिकांना अपायकारक ठरणारे ॲल्युमिनियम हे झाड पानांत साठवते. उलट चुनखडीयुक्त जमिनीत ते टिकत नाही. जमीन किमान एक-दीड मीटर खोल, भुसभुशीत व सेंद्रिय द्रव्ययुक्त हवी. पाणी भरपूर हवे, पण मुळाशी साचून राहिलेले चालत नाही. आसामच्या सपाट मळ्यांत भूजलाची पातळी पृष्ठभागापासून निदान ९० सेंमी. खाली राखण्यासाठी चरांचे जाळे खणतात. बराक खोऱ्यात (काछाड) तर ‘टीला’ म्हणजे लहान टेकड्यांवर लागवड करून निचऱ्याचा प्रश्न सोडवला गेला. मूळ खडक वा गाळ कोणता याला दुय्यम महत्त्व आहे : आसामात नदीचा गाळ, निलगिरीत जांभ्यापासून बनलेली तांबडी माती व केनियात ज्वालामुखीजन्य लाल माती असूनही तिन्हीकडे चहा उत्तम येतो.

प्रकाश व सावली : आसामच्या सखल मळ्यांत शिरीषासारखी सावलीची झाडे लावतात. विरळ सावलीने पानाचे तापमान खाली राहते व गळालेल्या पाल्याने जमीन सुधारते. दक्षिण भारतात सिल्व्हर ओक याच कामी येतो. केनियाच्या उंच, थंड डोंगराळ भागांत सावलीची गरज नसते. तेथील मळे बहुतांशी उघडे आहेत.

उंची आणि प्रत : समुद्रसपाटीजवळच्या मैदानापासून ते २,७०० मी. उंचीपर्यंत चहा पिकतो. उंचीबरोबर तापमान घटते, कोंब सावकाश वाढतो आणि पानातील सुगंधी द्रव्यांचे प्रमाण सहसा वाढते. सखल भागात कोंब लवकर वाढतो, उत्पन्न अधिक मिळते आणि काढा दाट, रंगदार उतरतो. चहाच्या अर्थकारणात हा पेच कायम आहे : उत्पादन वाढवणारी हवा आणि भाव वाढवणारी हवा बहुधा एक नसते.

भारत : ईशान्य भारतातील ब्रह्मपुत्रेचे खोरे हा जगातील सर्वांत विस्तीर्ण चहाप्रदेशांपैकी एक. रॉबर्ट ब्रूस याला १८२३ मध्ये सिंगफो जमातीच्या प्रमुखाकडून तेथील रानटी चहाची माहिती मिळाली आणि १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली. जोरहाटजवळ टोकलाई येथे १९११ पासून चहा संशोधन केंद्र कार्यरत आहे. मळे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. उन्हाळा दमट व तप्त, पावसाळा दीर्घ. मार्च-एप्रिलात पहिला बहर, मे-जूनमध्ये दुसरा, जुलै-सप्टेंबरात पावसाळी आणि त्यानंतर शरद ऋतूतील बहर येतो. व्यापारात यांतील पहिल्या दोघांना ‘फर्स्ट फ्लश’ व ‘सेकंड फ्लश’ म्हणतात. कडक, माल्टसारखा स्वाद दुसऱ्या बहराचा; सर्वांत अधिक वजन पावसाळी बहराचे. डिसेंबर ते फेब्रुवारीत मळे थंडावतात आणि छाटणी चालते. मार्चमधील पूर्वमोसमी सरी लांबल्या तर लाल कोळी ही कीड बळावते.

दार्जिलिंगचे मळे सुमारे ६०० ते २,००० मी. उंचीवर, तीव्र उतारांवर आहेत. येथे चिनी प्रकारच रुजला. हिवाळ्यातील तुरळक पाऊस आणि ओसरणारी थंडी यांवर मार्चचा पहिला बहर अवलंबून असतो. फिकट रंगाचा व फुलासारख्या वासाचा हा चहा महाग विकला जातो. मे-जूनमधील दुसऱ्या बहराला पिकलेल्या द्राक्षाची आठवण करून देणारा ‘मस्कटेल’ गंध येतो. त्यामागे हवेबरोबर एका कीटकाचाही हात आहे. कोरड्या, उबदार आठवड्यांत हिरवे तुडतुडे कोवळ्या कोंबातील रस शोषतात. पान कडेने तपकिरी पडून आक्रसते, पण या इजेला प्रतिसाद म्हणून झुडूप जी द्रव्ये तयार करते त्यांतून तो गंध उमटतो. तैवानमधील ‘ओरिएंटल ब्यूटी’ या ऊलाँग चहाची ख्यातीही अशाच तुडतुड्यांमुळे आहे. जुलैचा मुसळधार पाऊस सुरू झाला की हा गंध नाहीसा होतो. ‘दार्जिलिंग’ हे नाव भौगोलिक निर्देशन म्हणून २००४ मध्ये नोंदले गेले; भारतातील हा पहिला मान.

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात धौलाधार रांगेच्या पायथ्याशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिनी प्रकाराचा चहा आहे. १९०५ च्या भूकंपानंतर अनेक मळे ओस पडले.

दक्षिणेत निलगिरी, अन्नामलाई, मुन्नार व वायनाड येथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. निलगिरीच्या पश्चिम उतारावरील गुडलूर-पंदलूर भागाला नैऋत्य मोसमी, तर पूर्वेकडील कुन्नूर-कोटागिरीला ईशान्य मोसमी पाऊस अधिक लाभतो. डिसेंबर ते मार्च या थंड-कोरड्या काळात उत्पादन घटते आणि प्रत सुधारते. याच महिन्यांत निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून खोलगट भागात साचते व दवाचे हिम होते. सकाळच्या उन्हात तेथील पाने करपलेली दिसतात. ओलसर धुक्याच्या दिवसांत पानांवर फोड आणणारा करपा (ब्लिस्टर ब्लाइट) हा कवकजन्य रोग दक्षिण भारतात व श्रीलंकेत १९४६ पासून ठाण मांडून आहे.

श्रीलंका : जेम्स टेलर याने १८६७ मध्ये लूलकंदुरा येथे व्यापारी लागवड केली. कॉफीवरील तांबेऱ्याने मळे उद्ध्वस्त झाल्यावर चहा देशभर पसरला. येथील चहाचे वर्गीकरणच उंचीनुसार होते : ६०० मी.पर्यंत सखल, ६०० ते १,२०० मी. मध्यम व त्यापुढे उंच भागातील. वाऱ्याने चहाची प्रत कशी ठरते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मध्यवर्ती डोंगररांगेच्या दोन बाजूंना मिळते. जूननंतर नैऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडील दिंबुला भागात पाऊस टाकतो आणि डोंगर ओलांडून पूर्वेकडील ऊवा भागात कोरडा होऊन उतरतो. त्या शुष्क वाऱ्यात ऊवाचा कोंब जेमतेम वाढतो, पण जुलै-सप्टेंबरमधील त्याच्या तीव्र सुगंधाला जगभर मागणी असते. ईशान्य मोसमी काळात उलटे घडते : पाऊस पूर्वेला पडतो आणि जानेवारी-मार्चमध्ये दिंबुलाचा उत्तम चहा येतो.

चीन व जपान : उत्पादनात चीन जगात पहिला आहे. युन्नानच्या उष्ण दक्षिण भागात मोठ्या पानांचे जुने वृक्ष, तर फूच्येन, चच्यांग व आन्ह्वेमध्ये लहान पानांचा चिनी प्रकार आढळतो. थंडीत साठवलेले अन्न वसंतातील पहिल्या कोंबांत उतरते. म्हणून लोंगचिंगसारख्या हिरव्या चहात एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणाआधीची खुडणी सर्वांत महाग.

जपानमध्ये शिझुओका, कागोशिमा व उजी ही प्रमुख केंद्रे. तेथे धोका उशिराच्या हिमाचा असतो. वाऱ्याविना स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि काही मीटर वर तुलनेने उबदार थर राहतो. मळ्यात उंच खांबांवर खाली झुकवलेले पंखे बसवलेले असतात. तापमान ठरावीक पातळीखाली उतरले की ते आपोआप फिरून वरची ऊब कोंबांपर्यंत ढकलतात. ग्योकुरो या उंची चहासाठी खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे मळा आच्छादतात. ऊन अडल्याने पानातील थिॲनिन टिकते, तुरटपणा कमी होतो.

पूर्व आफ्रिका : केनियात १९०३ मध्ये लिमुरू येथे पहिली लागवड झाली. महाखचदरीच्या दोन्ही बाजूंस १,५०० ते २,७०० मी. उंचीवर, विषुववृत्तालगत, वर्षाला १,२०० ते १,४०० मिमी. पाऊस जवळजवळ सर्व महिन्यांत विभागून पडतो. आसामच्या मानाने हा पाऊस कमी, तरी वाटप चांगले असल्याने उत्पादन अखंड मिळते. केरिचो व नंदी टेकड्यांत वारंवार होणारी गारपीट हे तेथील मोठे नुकसानीचे कारण आहे.

सीमेवरचे प्रदेश : तुर्कस्तानातील रिझे (सुमारे ४१° उत्तर) येथे काळ्या समुद्रावरून येणारी वाफ पाठीमागच्या पर्वतांना अडून २,००० मिमी.हून अधिक पाऊस देते. हिवाळ्यात मळे बर्फाखाली जातात. मे ते ऑक्टोबरात तीन खुडण्या होतात. जॉर्जिया, रशियातील सोची आणि इराणचा कॅस्पियन किनारा हे याच धर्तीचे प्रदेश. दक्षिण गोलार्धात अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतात तांबड्या मातीवर यंत्राने खुडणी करतात.

महाराष्ट्र : चहाचा मोठा ग्राहक असलेल्या महाराष्ट्रात व्यापारी चहाशेती उभी राहिली नाही. उंची, थंडावा आणि आम्लधर्मी जांभी माती सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वरला पाऊस ५,००० मिमी.च्या वर पडतो. परंतु तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे अनेक महिने हवा व जमीन कोरडी राहते. केरळ-तमिळनाडूच्या घाटांत एप्रिल-मेच्या वळिवाचा आणि ऑक्टोबर-डिसेंबरच्या पावसाचा जो आधार मिळतो, तो उत्तरेकडे सरकताना क्षीण होत जातो.

हवामानबदल : आसामातील दीर्घकालीन नोंदींत किमान तापमानातील वाढ व वार्षिक पावसातील घट दिसते. त्याहून जाचक आहे ते पावसाचे विस्कळीत होणे : लांबलेले कोरडे खंड आणि त्यानंतर थोड्या दिवसांत ओतणारा पाऊस. पहिल्यात कोंब थांबतात आणि कोळी वाढतो, दुसऱ्यात उतारावरील माती वाहून जाते. यावर ताण सोसणारी वाणे, तुषार सिंचन, आच्छादन व सावलीच्या झाडांची पुनर्लागवड हे उपाय योजले जात आहेत. चहाचे झुडूप पन्नासहून अधिक वर्षे उत्पन्न देते. हंगामी पिकाचे वाण पुढच्या वर्षी बदलता येते. चहामळ्याला मात्र आज लावलेल्या वाणाबरोबर अर्ध्या शतकाचे हवामान पत्करावे लागते.